टाके ओढतात, बाबा

अक्काच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र पुस्तकात खूण म्हणून घातलं होतं आणि पुस्तक वॉर्डातल्या खाटेशेजारच्या कपाटावर होतं. मी खाली औषधं आणायला गेलो आणि परत येऊन पाहतो, तर लेक उशीला टेकून तेच पत्र वाचत होती.

अक्का माझी थोरली बहीण. तिनं लिहिलं होतं, 'पोरीचं पोट कापून मूल काढलं म्हणे. हल्लीच्या मुलींना कळा सोसायला नकोत. खरं काय झालं ते कळव.'

"आत्याला काय कळवलंत, बाबा?"

"अजून काही नाही."

"बरोबरच आहे तिचं. मी काय केलं? पडून होते नुसती. जे काय केलं ते इतरांनीच."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. जन्मभर वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं, पण ऐनवेळी लागणारं वाक्य मला कधी सापडलेलं नाही. मी गोळ्यांच्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचत बसलो.

पडून होती म्हणे! रात्रभर कळा देऊन झाल्या होत्या. सकाळी बाळाचे ठोके मंद व्हायला लागले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही. जावई बोटीवर, हिची आई जाऊन बरीच वर्षं झालेली. राहता राहिलो मी. आत नेताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, पिशवी आणलीत ना?"

आणली होती. लेक शिवणकाम करते. उरलेल्या पडद्याच्या कापडाच्या तिनं दोन पिशव्या शिवल्या होत्या, एक माझ्या पुस्तकांना, एक बाळाच्या कपड्यांना. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "मुलगी झाली, आजोबा. कपडे द्या." मी पिशवी उघडली. आत ताऱ्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ आणि दोन प्रवासवर्णनं. माझी नात जगात आली ती दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात.

हे लेकीला कळलं तेव्हा ती हसली आणि लगेच पोट धरून कळवळली. "हसवू नका ना, बाबा. टाके ओढतात."

बाळाला कावीळ होती, म्हणून तिला व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. पत्र घडी करून लेक पुस्तकात ठेवत होती, तेवढ्यात सिस्टर आल्या.

"ताई, बाळ भुकेनं रडतंय. पाजायला न्यायचंय तुम्हाला, पण चाकाची खुर्ची वर गेलीय. येईल थोड्या वेळात."

"नको," लेक म्हणाली. "मी चालत जाते."

तोवर ती खाटेपासून मोरीपर्यंतच गेली होती. ती कुशीवर वळली, पाय खाली सोडले, कोपराच्या जोरावर उठली. कपाळावर घाम आला. मी हात पुढे केला.

"धरू नका. नुसते शेजारी चाला. आणि ती तुमची पिशवी द्या."

रिकाम्या पिशवीची जाड घडी करून तिनं ती टाक्यांवर दाबून धरली. निघालो. मशीनवर वाकते तशी ती वाकून चालत होती. दुसरा हात भिंतीला.

"काहीतरी बोला, बाबा."

"काय बोलू?"

"तुमच्या ताऱ्यांचं सांगा."

मला एकही तारा आठवेना.

"राहू द्या, मीच बोलते," ती म्हणाली. बोलता बोलता थांबत होती, दम घेत होती. "आत टेबलावर मी जागी होते बरं का. उसवलेल्या गादीत हात घालून कापूस चाचपतात ना, तसं वाटत होतं. दुखत नव्हतं, पण कळत सगळं होतं. मी मनात म्हणत होते, माझं काय व्हायचं ते होऊ दे, आधी तिचा आवाज ऐकू येऊ दे."

अर्ध्या वाटेत तिला खोकला आला. ती भिंतीला टेकली, डोळे मिटले, पिशवी दोन्ही हातांनी घट्ट दाबली. ओठ पांढरे पडले होते.

"परत फिरायचं का?" मी विचारलं.

"परत फिरायलाही तेवढंच चालायचंय. मग पुढेच जाऊ."

दारातून बाळाचं रडणं ऐकू आलं तशी तिची पावलं जलद पडू लागली. सिस्टर चकित झाल्या. "अहो ताई, खुर्ची पाठवतच होते की!" त्यांनी टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेत धरायला शिकवलं.

"आले गं, आले," लेक म्हणाली, आणि रडणं थांबलं.

मी पाठ फिरवून हात कसे धुवावेत याची भिंतीवरची पाटी वाचू लागलो. बराच वेळ वाचली. नीट दिसत नव्हती.

महिना उलटला. लेक पुन्हा मशीनवर बसू लागली. एकदा आरशासमोरून म्हणाली, "पोटावरची शिवण सरळ आहे हो, बाबा. शेवटी जरा चुणी पडलीय. मी असते तर उसवून परत घातली असती."

मग मी अक्काला पत्र लिहायला बसलो. आधी पुस्तकातल्या माहितीची चार पानं लिहिली आणि फाडली. शेवटी उरलं ते एवढंच: 'अक्का, कळा तिनं सोसल्या आणि वर टाकेही सोसले. भुकेल्या लेकीपर्यंत ती व्हरांडाभर भिंत धरून चालत गेली. मी शेजारी होतो. मी पाहिलंय.'

लेकीला वाचायला दिलं. तिनं ते घडी करून पाकिटात घातलं. बाळाला दुपट्यात गुंडाळून म्हणाली, "चला, पत्र टाकून येऊ."

रस्त्यानं ती ताठ चालत होती. बाळ खांद्यावर, पडद्याच्या कापडाची पिशवी हातात. मी केव्हा मागे पडलो ते कळलंच नाही. टपालपेटीपाशी ती थांबली आणि वळून म्हणाली, "सावकाश या, बाबा. आम्ही आहोत इथं."

मी पोचलो. पाकीट पेटीच्या तोंडात घातलं. अजून एखादा शब्द बदलावा का, असं मनात आलं.

"सोडा आता," ती म्हणाली.

मी सोडलं.