किटलीची मागची बाजू

न्हाव्याला अर्धांगवायूचा झटका आला तो अगदी सौम्य, असं सगळे म्हणत होते. सगळ्यांचे उजवे हात धडधाकट होते, त्यामुळे असं म्हणायला त्यांचं काही जात नव्हतं. न्हाव्याचा हात मात्र कपाचा कान धरतानाही दगा देत होता, आणि दुकानाचं शटर दोन महिने खालीच होतं.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी एक दिवस त्याच्या मांडीवर लाकडी चौकट ठेवली. चौकटीत जाळीचं जाड कापड ताणलेलं आणि त्यावर लाल किटली छापलेली. सोबत लोकर आणि बोथट टोकाची सुई.

"एकेका भोकातून तिरपा टाका घालायचा," बाई म्हणाल्या. "सगळे एकाच बाजूला कललेले हवेत. घाई नको, श्वास सावकाश घ्या. मन शांत होतं यानं. आणि टाके एकसारखे यायला लागले, की हात परत आला समजा."

"तीस वर्षं लोकांचे गळे माझ्या हाताखालून गेले," बाई गेल्यावर न्हावी बायकोला म्हणाला, "आणि आता मी किटली भरत बसू?"

बसला. आठवड्याभरात त्याला त्याचा नादच लागला. सकाळचा चहा झाला की खिडकीशी खुर्ची, मांडीवर चौकट, सुई खाली, सुई वर. रस्त्यावर भांडण जुंपलं तरी मान वर करेना, आणि एरवी दुसऱ्यांची भांडणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. बायकोला या शांततेचं फार बरं वाटायचं.

टाके मात्र तिला बघवत नव्हते. शर्टांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिने शिवण तपासायची आणि वाकडी दिसली की परत पाठवायची, एवढंच काम केलं होतं. घरात परत पाठवणार कोणाकडे? एका दुपारी न्हावी घोरत असताना तिने किटलीच्या चोचीवरचे चार टाके उसवले आणि नीट घातले. चारच. दुसऱ्या दिवशी दहा झाले. न्हावी उठून चौकट हातभर लांब धरायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. तो खूश झाला की तिला आणखी दहा टाक्यांची मुभा मिळाल्यासारखं वाटायचं.

बुधवारी बाईंनी किटली पाहून टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी न्हाव्याने मेहुण्याला फोन लावला. "रविवारी दुकान उघडतोय. पहिली दाढी तुझी. वस्तऱ्याने!" मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो पलीकडून इतका हरखून बोलत होता, की तिला आतल्या खोलीत ऐकू आलं. त्याच्या गळ्यावर वस्तरा फिरणार होता तो तिने घातलेल्या टाक्यांच्या भरवशावर.

गुरुवार, शुक्रवार तिने मूग गिळून काढले. शनिवारी सकाळी न्हावी खिडकीशी बसून वस्तरा पुसायला लागला. पातं चमकत होतं आणि थोडंसं हलत होतं.

"अहो, अजून महिनाभर थांबलात तर?"

"का? बाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

तिने चौकट आणली आणि उलटी करून त्याच्या मांडीवर ठेवली. मागच्या बाजूला जागोजागी त्याच्या गाठी होत्या, लोकरीची टोकं लोंबत होती. मधेच मात्र सपाट पट्टे होते, टोकं आत खोचलेली. न्हावी काही खुळा नव्हता. गिऱ्हाईक परक्या दुकानात केस कापून आलं असलं, तर तो नुसती मान बघून ओळखायचा.

"हे तुझं."

"हो."

"कुठपासून?"

"चोचीपासून."

तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने वस्तरा मिटला, कात्री घेतली आणि उसवायला बसला. चोच गेली, झाकण गेलं, कान गेला. दुपारचं जेवण झाकूनच राहिलं. तळाशी सात टाक्यांच्या एका ओळीवर कात्री आली तेव्हा ती पुढे झाली.

"ही नको. ही तुमचीच आहे, कालची."

खरंच होतं ते. काल दुपारी ती सुई घेऊन आली होती, ओळ पाहिली, आणि दुरुस्त करायला काही सापडेना. लोंबणारं टोक तेवढं तिने सवयीने आत खोचलं होतं.

न्हाव्याने ओळ मागून पाहिली, मग तिच्याकडे. "टोक खोचलेलं आहे," तो म्हणाला, आणि सातही टाके कापले.

तिला रडू आलं. आता भावाचा गळा वाचेल म्हणून हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

"समोर बस," तो म्हणाला. "हात मांडीवर."

सुईत लोकर तिसऱ्या खेपेला गेली. त्याने एकेक टाका घातला, श्वास मोजत, त्याच जागेवर सात. तिचे हात शिवशिवत होते. तिने बोटं एकमेकांत अडकवली.

"कसे आलेत?"

"चौथा उलटा कललाय."

"आणि?"

"सहावा फार ओढलाय. बाकीचे ठीक आहेत."

त्याने मान हलवली. "तुझ्या भावाला सांग, उद्या नको."

ती फोनकडे जायला उठली.

"नंतर सांग," न्हावी म्हणाला. त्याने सातही टाके उसवले आणि पुन्हा पहिल्या भोकात सुई घातली. ती परत बसली आणि हात मांडीवर ठेवले.