ताप उतरल्यावरची लढाई

मी रंगूबाईच्या रक्तातली एक पांढरी पेशी बोलतेय. मिरजेतल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर वाळून बसलेय. आता माझ्या हातून कुणाचं भलं होत नाही आणि वाईटही.

माझा जन्म आटपाडीचा. रंगू दहा वर्षांची असताना तिचा घसा सुजला, मग सांधे धरले. तिच्या हाडांतून आम्ही हजारोंनी बाहेर पडलो आणि घशातले जंतू मारले. पण त्या जंतूंच्या अंगावरची खूण आणि तिच्या हृदयातल्या झडपांची खूण जवळजवळ सारखीच. आम्ही चुकलो. झडपांवर कायमचे वण राहिले. पुढे बाकीच्या जणी मरून गेल्या. आठवण धरून जगणाऱ्या थोड्या उरल्या, त्यांतली मी.

लग्न होऊन रंगूबाई माधवनगरात आली. नवरा कृष्णात फौजेत हवालदार, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. ती सूतगिरणीत सुताच्या कांड्या भरायची. जिना चढताना दम लागला की कठड्याला टेकून उगाच पदर सारखा करायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं पदरासाठीच थांबलीय. हृदय नाजूक आहे, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. ते तिनं कृष्णातला कधी कळवलं नाही.

१९७४ च्या थंडीत घरोघर तापाची साथ आली. रंगूबाई चार दिवस फणफणली. विषाणूशी आम्ही जिवावर उदार होऊन लढलो. पाचव्या दिवशी ताप उतरला.

रक्त सगळीकडे फिरतं, त्यामुळे बाहेरचं बोलणं आमच्याही कानावर यायचं. शेजारची जाईबाई पेज घेऊन आली होती.

"तीन आठवडं पडून ऱ्हा म्हणलाय डॉक्टर. ऐक गं माझं."

"अगं, शनवारी हे सुट्टीवर येत्यात. घर बघ कसं दिसतंय. आन् ताप तर गेला न्हवं?"

ताप गेला होता, पण आम्ही गेलो नव्हतो. धडधाकट माणसाच्या अंगात विषाणू संपला की पेशी हळूहळू शांत होतात. रंगूबाईच्या हृदयात जुन्या दुखण्यानं आम्ही आधीच तापट झालो होतो. एकीनं हाक दिली की दहा धावायच्या. विषाणू लागलेला स्नायू शोधता शोधता आम्ही चांगल्या स्नायूतही घुसलो. मी तर घशाच्या जंतूंसाठी घडलेली, ते माझं कामही नव्हतं. पण त्या गलक्यात मीही शिरले.

आणि रंगूबाई भिंतींना चुना लावत होती, नळावरून घागरी आणत होती.

शनिवारी कृष्णात आला तेव्हा ती उंबऱ्यातच बसलेली. पाय सुजलेले, ओठ निळसर. त्यानं ट्रंक दारात टाकली आणि टांग्यासाठी धावला.

मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. "हृदय फुगलंय," ते म्हणाले. "विषाणू गेला, पण त्याला मारायला आलेल्या पेशी अजून तिथंच झुंजतायत."

"म्हंजी सीझफायर झालं तरी गोळीबार सुरूच?" कृष्णातनं विचारलं.

"तसंच समजा, हवालदार."

"आन् तेबी आपल्याच मुलखावर?" त्याचा आवाज चढला.

"वरडू नगासा," खाटेवरून रंगूबाई धापा टाकत म्हणाली. "त्यास्नी कुणी सांगितलंच नसंल, ताप गेला म्हून." मग जरा थांबून, "मी तरी तुमास्नी कुटं सांगितलं हुतं, छातीचं?"

कृष्णात खाटेवर टेकला. तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसून राहिला.

तोवर मी हृदयातून परत रक्तात उतरले होते; दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी तिचं बोट टोचलं आणि त्या थेंबाबरोबर मी बाहेर आले. मला काचेवर पसरलं, जांभळ्या रंगात बुडवलं आणि शिकणाऱ्या मुलांना दाखवण्यासाठी जपून ठेवलं.

उन्हाळ्यात कृष्णात प्रयोगशाळेत आला तो एकटाच. रंगूबाई चैत्रात गेली, म्हणून तो जादा सुट्टी काढून आला होता. त्यानं तिच्या रक्ताचा ठेवलेला थेंब बघायला मागितला, तेव्हा डॉक्टरांनी पेटीतून माझी पट्टी काढली. त्यानं बंदुकीचा नेम धरताना मिटतात तसा एक डोळा मिटला आणि भिंगातून माझ्याकडे पाहिलं.

"हिच्यातलं एवढंच ऱ्हायलं व्हय?"

डॉक्टरांनी मान डोलावली.

मला त्याला सांगायचं होतं की तिला मारणाऱ्यांत मीही होते. पण तो इतक्या मायेनं बघत होता, की माझ्याकडे शब्द असते तरी ते बाहेर पडले नसते.

तो दर सुट्टीत येतो. घटकाभर बघतो, डोळा पुसतो, जातो.

तुमच्या घरात कुणाचं हृदय नाजूक असेल, तर ताप उतरल्यावरही त्याला निजू द्या. घागर उचलू देऊ नका. आम्हाला थांबायला वेळ लागतो.