रुपयाला लागली उचकी

तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. कमलाकांत नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ नर्मदाबाईंच्या पडवीत भाड्याने राहत असे. एका सकाळी तो म्हणाला, "आजी, घरात जुनी चांदी आहे का? माझ्या प्रयोगाचा चांदीचा पत्रा मुंबईहून आलाच नाही. दुपारी परत देतो."

नर्मदाबाईंनी राणीच्या छापाचा रुपया काढला, पण त्याच्या हाती काही दिला नाही. कनवटीला खोचला आणि म्हणाल्या, "रुपया जाईल तिथं मी बी येते."

प्रयोगाच्या शेडमध्ये मेणाने भरलेलं एक मोठं पिंप होतं. कमलाकांतने लांब चिमट्याने रुपया मेणातल्या खाचेत सोडला आणि आजींना दूर, दाराशी बसवलं.

"काय करतोस रे त्याला?"

"या मेणाच्या पोटात एक पदार्थ आहे. त्यातून न्यूट्रॉन नावाचे बारीक कण सुटतात. सुटताना सुसाट असतात, पण मेणात धडका खाऊन खाऊन मंद होतात. असा मंद झालेला कण चांदीच्या अणूचं केंद्र गिळून टाकतं. चांदी असे किती कण गिळते, ते मला मोजायचंय."

"दिसत नायत, तर मोजणार कसा?"

कमलाकांत खूश झाला. मुंबईच्या साहेबांनीही त्याला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. "गिळल्यावर चांदी गप्प बसत नाही, आजी. ऐका."

थोड्या वेळाने त्याने रुपया काढून, चांदीतून सुटणारे किरण टिपणाऱ्या एका नळीखाली ठेवला. नळीला जोडलेली पेटी वाजू लागली. टकटक, टकटकटक, कढईत लाह्या फुटाव्यात तशी.

नर्मदाबाईंनी हात गालावर नेला. "अगं बाई! घाईनं गिळलं नि उचकी लागली त्याला! कोण आठवण काढतंय रे?"

उचकी लागली की नावं घ्यायची, बरोबर नाव आलं की ती थांबते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. रुपया आपला, म्हणजे आठवणही आपलीच, असं धरून त्या नावं घेऊ लागल्या. "डहाणूची भागी?" टकटक. "काशीबाई?" टक, टक. "मारुतीमामा?" टक. मग हळूच म्हणाल्या, "सुका?"

पेटी थांबली.

सुका त्यांचा मुलगा. मासेमारीच्या होडीवर जायचं नाही म्हणून भांडला आणि मुंबईच्या गोदीत कामाला निघून गेला. "परत तोंड दाखवू नको," असं त्याच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्याचा निरोप नाही, काही नाही.

"पोर आठवण काढतंय माझी," त्या पुटपुटल्या. डोळे भरून आले. पण नर्मदाबाई मासा ताजा आहे का, ते कल्ले उघडून बघणाऱ्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "परत घाल त्याला मेणात. आता पहिलं नाव सुक्याचंच घेते."

कमलाकांतला दुसरं माप घ्यायचंच होतं. रुपया पुन्हा मेणात गेला, पुन्हा नळीखाली आला.

"सुका!"

टकटकटक.

"सुका रे, ए सुका!"

पेटी ऐकेना. टकटक आपल्याच चालीने विरळ होत गेली. कंटाळून नर्मदाबाई म्हणाल्या, "मशेरीची डबी घरीच राहिली वाटतं," आणि नेमकी तेव्हा पेटी गप्प झाली.

"घ्या! मशेरी आठवण काढते माझी!"

दोघंही खळखळून हसली. मग नर्मदाबाईंचं हसू ओसरलं.

"दर वेळी असंच थांबंल?"

"दर वेळी. ठरलेल्या वेळात टकटक निम्मी होते, पुन्हा तेवढ्याच वेळात त्याच्या निम्मी. नाव कोणाचंही घ्या. म्हणून तर मोजता येतं."

"मंग सुक्याच्या मनातलं याला ठावं नाय."

ठाऊक आहे, असं खोटं सांगणं सोपं होतं. कमलाकांत म्हणाला, "नाही, आजी. त्याला फक्त चांदीचं कळतं."

नर्मदाबाईंनी रुपया मागून घेऊन परत कनवटीला खोचला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बोईसरहून मुंबईची गाडी कितीला हाय?"

"आजच निघता? आणि तो बोललाच नाही तर?"

"तर तसं कळंल. ज्याचं त्यालाच इचारायला हवं. गोदीला जायला कुठं उतरायचं, तेवढं सांग."