विहिरीवरच्या फळ्या

आनंद विहिरीत वाकून आपल्याच आवाजाला हाका मारत होता. मंदाकिनीने धावत जाऊन आपल्या तीन वर्षांच्या पोराला दंडाला धरून मागे ओढलं.

पावसाळ्यात कठडा ढासळला म्हणून चाळकऱ्यांनी विहिरीवर जाड फळ्या टाकल्या होत्या. सकाळी होत्या. आता एकही नव्हती. त्या कुठे गेल्या हे विचारायची गरजच नव्हती. डोंबिवलीभर होळीची लाकडं पळवणं चाललं होतं, आणि घरात पंधरा वर्षांचा दीर होता.

हरिहर दारातच भेटला, हसत.

"तू नेल्यास?"

"पैज होती, वहिनी. वरच्या आळीतली पोरं म्हणाली, भरदिवसा नेऊन दाखव. दाखवल्या!"

"आनंद पडला असता!"

"विचार केला होता ना मी. दुपारी तो झोपतो."

केला होता! म्हणजे पोराच्या झोपेवर याने डाव लावला होता. मंदाकिनीच्या डोक्यात तिडीक उठली. शाळेच्या काचा, मालगाडीच्या टपावरून केलेला प्रवास, दर वेळी तिच्या नवऱ्याचा पट्टा, आणि दर वेळी हा अंग झटकून जेवायला हजर.

खाटेवरून शेजारचे भाऊ म्हणाले, "होळीची चोरी ती चोरी नव्हे हो. आम्ही तर खोताचं दार नेलं होतं."

"त्या दाराआड विहीर नव्हती, भाऊ."

आनंदला कडेवर घेऊन ती तरातरा चौकात गेली. फळ्या होळीच्या ढिगात मधोमध उभ्या होत्या. तिने पहिलीला हात घातला तशी चाळीतली सखुबाई नैवेद्याचं ताट घेऊन ओरडली, "अगं बाई, होळीला वाहिलेलं लाकूड परत काढतात का? घरादाराला बाधेल!"

"बाधू दे! उघड्या विहिरीपेक्षा जास्त काय बाधणार आहे?"

एवढ्यात मागून आलेला हरिहर सरसर ढिगावर चढला. "सरका वहिनी, मी काढतो! होळीतून लाकूड काढलंय का कुणी आजवर?" ढीग डळमळत होता, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि याचे डोळे चमकत होते. मंदाकिनीला संतापाने रडू आलं. हाही याला खेळच!

फळ्या त्यानेच वाहून आणल्या, विहिरीवर बसवल्या, हात झटकले.

"झालं. मार आत्ता देता, की दादा आल्यावर?"

"मार नाही. दादांनाही मारू देणार नाही. होळी विझेपर्यंत या फळ्यांशेजारून हलायचं नाही."

त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "असं काय करता? मारा ना! दोन जास्त मारा."

"नाही."

"पोरं काय म्हणतील? पैज मी जिंकलोय!"

चौकात ढोल घुमला, पहिली बोंब उठली. त्याने फाटकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, पुन्हा फाटकाकडे. पळालो तर काय, न पळालो तर काय, ओठ चावत मोजणं चाललं होतं.

मंदाकिनीने आनंदला मांडीवर घेतलं आणि समोरच्या पायरीवर बसकण मारली.

"कर हिशेब," ती म्हणाली. "पण या खेपेला त्यात पोर धर."