पाकिटावरचं कुंकू

"अहो, ते पाकीट पोस्टात टाकलंत ना?" पद्मिनीनं विचारलं.

जगन्नाथ तिच्या डोक्याला तेल लावत होता. नरकचतुर्दशीची सकाळ होती. अंघोळ तिला झेपणार नव्हती, म्हणून निदान तेलाचं बोट. केस तरी कुठले, केमोनंतर उगवलेली नुसती लव. वाटीत उरलेलं तेल ती आपल्याच हातांना चोळत होती. जगन्नाथचा हात थांबला.

"टाकलं असेल," तो पुटपुटला आणि देवघरात गेला. पाकीट बाळकृष्णाच्या पायाशी होतं.

जगन्नाथचा एक रिवाज होता. घरातला कुठलाही महत्त्वाचा कागद आधी देवापुढे जायचा, त्याच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागायचं आणि दुसऱ्या दिवशी तो पोस्टात पडायचा. व्हिसाचा अर्ज, ग्रीन कार्ड, अमेरिकेतल्या या घराचे कागद, सगळे याच वाटेनं गेले होते. पद्मिनीनं घरी पोस्टानं आलेली मतपत्रिका भरून, पाकीट बंद करून, सही करून दिलं तेव्हाही त्यानं तेच केलं. त्याच रात्री तिला ताप चढला, हॉस्पिटलची धावपळ झाली आणि पाकीट राहून गेलं. आज मतदान; आता पोस्टानं ते वेळेत पोचणार नव्हतं. देवावर भार टाकावा, पण देव काही पोस्टमन नव्हे.

पद्मिनीनं आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं. नागपूरला एकवीस, म्हणजे मतदानाचं तेव्हाचं वय, पूर्ण व्हायच्या आतच लग्न करून ती इकडे आली आणि इकडे वर्षानुवर्षं परकीच राहिली. लहानपणी आई मत देऊन आली की बोटावरची शाई हिला दाखवायची, आणि ही पुसट होईपर्यंत ते बोट बघत राहायची. गेल्या वर्षी इथलं नागरिकत्व घेताना भारताचा पासपोर्ट गेला. त्या दिवशी ती खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "निदान मत तरी देईन." दुखणं त्यानंतर उघडकीला आलं. पुढच्या निवडणुकीला ती नसणार हे दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलत कोणीच नव्हतं.

शेजारच्या नंदावहिनींना तिच्यापाशी बसवून जगन्नाथ काउंटीच्या निवडणूक ऑफिसात धावला. खिडकीतल्या वयस्क बाईनं पाकिटावरचं नाव वाचलं.

"मतदार कुठे आहेत?"

"घरी. मी नवरा."

"सॉरी सर. एक तर हे पोस्टानं यायला हवं, नाही तर मतदारानं स्वतः आणून द्यायला हवं. नवऱ्याकडून घेता येत नाही."

"शी इज डाइंग," जगन्नाथ म्हणाला. हे वाक्य त्यानं कुठल्याही भाषेत पहिल्यांदाच उच्चारलं होतं. बाईचे डोळे भरले, पण हात पुढे आला नाही.

"त्यांना गाडीतून आणा. मी बाहेर येते," ती म्हणाली.

पद्मिनीला हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खोटं बोलायचं ठरवूनच जगन्नाथ घरी आला.

"दिलं," तो म्हणाला.

"मग कोटाच्या खिशातून कुंकवाचा कोपरा कसला दिसतोय?"

त्यानं कोपरा आत ढकलला. पद्मिनी शांतपणे म्हणाली, "गाडी काढा."

"अगं, डॉक्टरांनी स्ट्रिक्टली नाही म्हटलंय."

"मी बरी होईन असंही म्हणतात ते. तुम्हाला पटतं?"

नंदावहिनींनी ब्लँकेटं गुंडाळली. दोघांनी तिला उचलून पुढच्या सीटवर निजवलं. पाकीट तिनं स्वतःच्या हातात घट्ट धरलं. अर्ध्या वाटेत तिला धाप लागली आणि ओठ निळसर दिसू लागले. पुढच्या सिग्नलला उजवीकडे हॉस्पिटल होतं, डावीकडे ऑफिस.

"पद्मा, आधी हॉस्पिटलला जाऊ. प्लीज."

"आधी मत."

"तुला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

"आणि हे राहिलं तर मी तुम्हाला करणार नाही."

जगन्नाथनं गाडी डावीकडे वळवली. तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता.

बाई कोट न घालताच बर्फाच्या चिखलातून गाडीपाशी आली. जगन्नाथनं काच खाली केली. पद्मिनीचा हात वर येईना, तसा तो कोपराला आधार द्यायला सरसावला.

"नको, सर," बाई हळूच म्हणाली. "त्यांनाच देऊ द्या."

ती दोन्ही हात पुढे करून थंडीत थांबून राहिली. पाकीट थरथरत वर आलं आणि तिच्या हातात पडलं.

"थँक यू फॉर व्होटिंग, मॅम."

पद्मिनीनं मान हलवली. मग डोळे मिटून म्हणाली, "चला आता, कुठं न्यायचं तिथं."

इमर्जन्सीत तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. सुईसाठी तिचा हात हातात घेताना नर्स दचकली. तेलकट बोटावर कुंकू चिकटून लालभडक डाग पडला होता.

"रक्त येतंय का?" नर्सनं विचारलं आणि स्पिरिटचा बोळा उचलला.

पद्मिनीला बोलता येत नव्हतं. तिनं बोट सोडवून घेतलं आणि जरासं उचलून जगन्नाथला दाखवलं.

"रक्त नाही ते," जगन्नाथ म्हणाला. "पुसू नका."

नर्सनं दुसरा हात घेतला.