काचेच्या कपाटातला निळा रोबो

मित्रांनो, मी एक जुना रोबो आहे. प्लास्टिकचा, निळा, वीतभर उंचीचा. डावा पाय मात्र लाल. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातल्या साच्यात झाला. पण मला घर मिळाले ते परतूरला, सुमेधाकडे. ती लहान असतानाच तिची आई वारली. वडिलांनी, देवानंदांनी, वडीगोद्रीच्या हायवेवरच्या दुकानातून मला आणले आणि लेकीच्या हातात दिले. तिला वाढवले ते केशरआत्याने.

सुमेधा शिकायला बाहेरगावी गेली आणि मी ट्रंकेत पडून राहिलो. माझा पाय तुटून हरवला. वाटले, संपले आपले. पण ती परत आली, गावात मेडिकल दुकान टाकले आणि मला बाहेर काढून दुसऱ्या मोडक्या खेळण्याचा लाल पाय बसवला. मग माझ्या जोडीला योद्धे आले, अंतराळवीर आले, पंखांचा राक्षस आला. कपाट भरले. रविवारी ती मऊ ब्रशने आमची धूळ काढी.

शेजारणी हसत. "तिशीला आली तरी बाहुल्या खेळती!"

सुमेधाही हसून म्हणे, "खेळत न्हाई, जमवते. या की पाहायला."

एकदा मंठ्याहून मिथुन नावाच्या मुलाचे स्थळ आले. केशरआत्याने आम्हा सगळ्यांना टोपल्यात भरून खाटेखाली ढकलले. "पाहुणे जाईस्तोवर गप पडून राहा," असे आम्हालाच दटावले.

चहा घेताना मिथुनच्या वडिलांची नजर कपाटावर गेली. "एवढं मोठं कपाट मोकळंच?"

"माझी खेळणी असतात त्यात, काका. आत्यानं खाटेखाली ठेवलीत." सुमेधाने वाकून मला काढले आणि कपांशेजारी उभे केले.

"एवढ्या शिकलेल्या तुम्ही! आमच्या घरी हे चालणार न्हाई," मिथुनचे वडील म्हणाले.

"मंग आत्ताच कळलं ते बरं झालं," सुमेधा शांतपणे म्हणाली. "यांच्यापायी कुणाचं काम अडत न्हाई. लग्नानंतरबी मी यांना जपणार."

मिथुनने कप खाली ठेवला. त्याचे वडील पुटपुटले, "आईविना वाढलेली पोरगी. वळण कोण लावणार?"

दाराशी उभी असलेली केशरआत्या तरातरा पुढे आली. मला वाटले, आता मी उकिरड्यावर जाणार.

"वळण मी लावलंय," ती म्हणाली. "पोरगी दुकान सांभाळती, बापाला सांभाळती, खोटं बोलत न्हाई. आणखी कोणतं वळण पायजे?"

आणि पाहुण्यांसमोरच टोपले ओढून तिने आम्हाला एकेक करून कपाटात मांडले. राक्षस उलटा ठेवला, पण ठेवला.

लग्न जुळले नाही. सुमेधा संध्याकाळी नेहमीसारखी दुकान उघडायला गेली.

मागच्या महिन्यात आत्या कापड घ्यायला जालन्याला गेली होती. परतली ती पिशवीत घोडेस्वार घेऊन. "दुकानदार इचारत होता, नातवाला का? म्हणलं न्हाई, आमच्या मेडिकलवाल्या पोरीला!"

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी काही जमवत असेल. हसण्याआधी त्याच्याशेजारी बसून ते नीट पाहा. आणि आम्हाला पुसताना सांध्यांपाशी हात जरा हलका ठेवा. आम्ही मोडतो ते तिथेच.