गोपालचा कबुलीजबाब

मी बनवलेल्या खेळात चोर दर वेळी वेगळा निघतो. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधून मालकाचे सोन्याचे घड्याळ नाहीसे होते, संशयित पाच, आणि खेळ सुरू होताच संगणक त्यांतला एक गुन्हेगार निवडून मोकळा होतो. पुरावे त्याच्याभोवती आपोआप रचले जातात. अमरावतीच्या आमच्या छोट्या कंपनीत या कल्पनेचे कौतुक झाले. खरे कारण एवढेच, की कोणाकडे बोट दाखवण्याचे धैर्य माझ्यात नाही. काल्पनिक माणसाकडेही नाही.

दीपमालाशी बोलण्याचे कामही मी त्याच यंत्रावर सोपवले. आमचे खेळ तपासून पाहणारी ती. सोमवारपासून पुण्याच्या नोकरीवर जाणार होती. चौकीदार गोपाल चोर निघाला, तरच पडद्यावर उमटेल अशी एक ओळ मी त्याच्या कबुलीजबाबात लिहिली. ती ओळ माझ्या मनातली होती, तिच्यासाठी. उमटली तर नियती. न उमटली तर मी निर्दोष.

सारा खेळ मी पुस्तकी मराठीत लिहिला होता. ही ओळ मात्र बोलीत उतरली. अकोल्याच्या आमच्या स्वयंपाकघरात जी भाषा बोलतात, तिच्यात खोटे बोलणे मला अजून जमलेले नाही.

शुक्रवारी दुपारी ती खेळायला बसली. शेजारी मी, निवत चाललेल्या चहासह. आधी हिशेबनीस देवमन सापडला. पुन्हा देवमन. मग मालकाची सून.

"तुया संगणकाले देवमनचा काही राग हाय का रे, प्रीतम?"

"ते रँडम आहे."

"रँडम! गरिबालेच बरोबर सापडते तुयं रँडम."

ऊन खिडकीवरून उतरले, तेव्हा गोपाल पकडला गेला. पडद्यावर अक्षरे उमटू लागली: 'घड्याळ तं बहाना होता. तुयात अडकला जीव माया.'

आमच्याकडे 'माझा'चा 'माया' होतो. ती अचलपूरची, तिला हे सांगायला नको. पण संशयितांत एक स्वयंपाकीणही होती. तिचे नाव मला सुचेना, म्हणून तेही मी संगणकालाच निवडू दिले होते. त्या दिवशी त्याने निवडले होते: माया.

"अरे बाप्पा! चौकीदाराचा जीव स्वयंपाकिणीत!" ती हसत सुटली. "पन पुराव्यात हे कुठीच नव्हतं. चूक हाय ही."

"ते नाव नाही," मी म्हणालो. "माझा, या अर्थी."

ती थांबली. तिने ओळ पुन्हा वाचली, हळू, मधे न थांबता.

"मंग हे 'तुयात' म्हंजे कोनात? कोनाले म्हनून राहिला तो?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. उत्तर शेजारीच बसले होते, भुवया उंचावून.

"कोणालाही," मी म्हणालो. "संगणक निवडतो."

"म्हंजे कोनीबी चालते त्याले?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे मलाही सांगता येणार नाही.

"मंग काढून टाक थे ओळ. असल्या मानसानं कबूल केलं काय अन् न केलं काय."

तिने पर्स खांद्याला लावली. क्षणभर उभी राहिली, अजून काही तपासायचे राहिल्यासारखी. मी मात्र सांगितलेले काम तत्परतेने करू लागलो. शेवटापासून एकेक अक्षर पुसत आलो. ती दाराबाहेर पडली, तेव्हा पडद्यावर 'घड्याळ तं बहाना होता. तुयात' एवढेच उरले होते.